जे आम्ही छापले नाही

सामान्य काळातील पंधरावा रविवार
शुभवर्तमान : लूक १०:२५-३७



आजचे शुभवर्तमान आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण त्याची चित्रे रंगवली, नाताळच्या कार्यक्रमात त्याची नाटुकली बसवली. लुटारू व्हायला मुले नेहमी पुढे असतात आणि गाढव व्हायला कोणी तयार नसते, हाही आपला अनुभव. वाचन सुरू झाले की पुढचे सगळे आधीच माहीत असते. म्हणूनच कदाचित आपण ते नीट ऐकत नाही.

'चांगला शोमरोनी' हे दोन शब्द आपल्या तोंडी इतके बसले आहेत की शोमरोनी म्हटला म्हणजे तो चांगलाच, असे आपल्याला वाटते. येशूच्या श्रोत्यांना मात्र हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवणेच अवघड होते. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर जुने होते. देवाची उपासना कोठे करायची, यरुशलेमात की गरिझीम डोंगरावर, यावरून भांडण होते. गरिझीमवरचे मंदिर तर येशूच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एका यहुदी राज्यकर्त्याने पाडले होते. यहुद्यांच्या लेखी शोमरोनी म्हणजे बाटलेला, मिसळलेल्या रक्ताचा, विश्वास ठेवू नये असा. जखमी माणसाजवळून याजक गेला, लेवी गेला आणि तिसरा शोमरोनी येताना दिसला, तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटले असेल की आता हा उरलेसुरलेही काढून घेणार. गोष्ट संपल्यावर त्या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असे येशूने शास्त्र्याला विचारले. त्याच्या जिभेवर 'शोमरोनी' हा शब्द आलाच नाही. ज्याने दया केली तो, असे त्याने मोघम उत्तर दिले. उत्तर बरोबर होते, पण नाव घेणे त्याला जड गेले.

(शोमरोनी लोक आजही आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. नाब्लुसजवळ त्याच गरिझीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोन शहरात त्यांची घरे आहेत. सगळे मिळून हजारही भरत नाहीत.)

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षातून निसटते, कारण आपण शुभवर्तमान रविवारच्या तुकड्या-तुकड्यांनी ऐकतो. घरी गेल्यावर लूकचा नववा अध्याय उघडून शेवटचा भाग वाचा. येशू यरुशलेमकडे निघाला होता आणि एका शोमरोनी गावाने त्याला उतरायला जागा दिली नाही. याकोब आणि योहान इतके संतापले की आकाशातून अग्नी पाडून हे गाव भस्म करू का, असे विचारू लागले. येशूने त्यांना दटावले आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. पान उलटले की दहावा अध्याय लागतो आणि त्यात ही गोष्ट येते. म्हणजे शोमरोन्यांकडून झालेला अपमान ताजा असताना येशूने आपल्या गोष्टीतला भला माणूस म्हणून नेमका शोमरोनीच निवडला. शोमरोनी कसे वागतात हे त्याला ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये. त्याला ते नुकतेच कळले होते.

हे सगळे आज लिहायचे कारण वेगळे आहे. आम्हाला, म्हणजे या पत्रिकेचे काम पाहणाऱ्यांना, एक दुरुस्ती छापायची आहे. ती एका वर्षाने छापत आहोत.

गेल्या वर्षी याच दिवसांत आपल्या धर्मग्रामातून आम्ही काही जण वेल्ह्याच्या बाजूला ब्लँकेटे वाटायला गेलो होतो. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, पण तिकडची आणि इकडची माणसे अजून वेल्हेच म्हणतात.) सातारा रस्त्याने नसरापूर फाट्यापर्यंत आणि तेथून आत. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालली होती, पाऊस थांबत नव्हता, डोंगर ढगात होते. ज्या कातकरी वस्तीवर जायचे होते ती डांबरी रस्त्यापासून चढणीने पाऊण तासावर. टेम्पो खाली उभा केला. आमच्यातल्या एका तरुणाला गाडीजवळ थांबायला सांगितले. सांगताना आमच्यापैकी एक जण म्हणाला, "नीट लक्ष ठेव रे, इकडची माणसं..." वाक्य पुरे केले नाही. पुरे करायची गरज नव्हती, सगळ्यांना कळले. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकची खोळ पांघरून एक माणूस बसला होता. दारूचा वास येत होता. आमचे लक्ष त्याच्याकडे गेले होते, हे आम्ही नाकारत नाही.

वस्तीवर वाटप झाले. रांग लावली, ब्लँकेट हातात देताना फोटो काढले. एका म्हातारीने आम्हाला बसायला सांगितले आणि चुलीवर कोरा चहा ठेवला. आम्ही म्हटले, "नको आजी, उशीर होतोय, पाऊस वाढेल." उशीर होत होता हे खरे. पण चहा नको म्हणायचे कारण ते नव्हते. कारण होते ती भांडी, तो ओढ्याचा पाणवठा आणि आमच्या पिशव्यांतल्या पाण्याच्या बाटल्या. म्हातारीने आणखी आग्रह केला नाही.

उतरताना आमच्या महिला मंडळातील एक काकू शेवाळावरून घसरल्या. पाय घोट्याजवळ असा वळला की पाहवेना. फोनला रेंज नाही. आम्ही पाच जण, पायात शहरातले बूट. काकूंना दोन पावलेही उचलून नेता येईना. कोणी प्रार्थना म्हणू लागले, कोणी एकमेकांवर चिडू लागले. तेवढ्यात खालून खोळवाला माणूस वर आला. आमचा आरडाओरडा त्याने ऐकला होता. त्याने एकदा काकूंच्या पायाकडे पाहिले, मग खाचराकडे तोंड करून दोन हाका मारल्या. लावणीतले दोघे जण चिखलाच्या पायांनी धावत आले. एकाने कोयत्याने बांबू तोडला, दुसऱ्याने वस्तीवरून एक ब्लँकेट आणले. ते आम्हीच तासाभरापूर्वी दिलेल्यांपैकी होते. बांबूला बांधून त्याची झोळी केली आणि तिघांनी आळीपाळीने, अनवाणी, त्या निसरड्या वाटेने काकूंना खाली आणले. वाटेत तो काकूंना एवढेच म्हणत होता, "बाय, घाबरू नका, पाय हलवू नका."

टेम्पोत काकूंना झोपवले. आम्ही खिशात हात घालेपर्यंत लावणीवाले दोघे परत निघालेही होते, त्यांचे काम अडले होते. खोळवाल्याने ओले ब्लँकेट पिळले, खांद्यावर टाकले आणि म्हणाला की हे म्हातारीचे आहे, तिला द्यायला पाहिजे. आणि तो पुन्हा चढणीला लागला. टेम्पोत तेव्हा सात-आठ कोरडी ब्लँकेटे शिल्लक होती. त्यातले एक त्याच्या हाती द्यावे, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. त्याचे नावही कोणी विचारले नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी याच पत्रिकेत या सेवाकार्याचा वृत्तांत आला. तो आम्हीच लिहिला होता. 'चाळीस कुटुंबांना मायेची ऊब' असा मथळा होता. फोटोत पुढे आम्ही, मागे वस्तीवरची माणसे. शेवटी एक वाक्य : परतताना एक भगिनी किरकोळ जखमी झाल्या, परंतु देवाच्या कृपेने सर्व जण सुखरूप पोहोचले. देवाच्या कृपेने पोहोचलो, यात शंका नाही. पण त्या दिवशी देवाच्या कृपेला तीन जोड्या अनवाणी पाय होते, हे आम्ही लिहिले नाही. मुद्दाम लपवले, असेही नाही. ते लिहिण्यासारखे वाटलेच नाही. आम्ही मदत करायला गेलो होतो, वृत्तांत मदतीचा होता. मदत आम्हाला झाली, हे त्या वृत्तांतात कोठे बसत नव्हते.

काकूंनी अंक वाचून आम्हाला फोन केला. "तुम्ही त्या माणसाचं काहीच लिहिलं नाही?" असे त्यांनी विचारले. प्लॅस्टर घातलेल्या पायाने घरी बसल्या बसल्या त्यांनी जे पाहिले, ते आम्हाला दिसले नव्हते.

आता कोणी म्हणेल, तो माणूस दारू प्यायला होता हे तर खरेच ना? होय, खरे. आणि आमच्या मते मुद्दा येथेच आहे. माणसांवर मारलेला शिक्का बहुधा सगळा खोटा नसतो, त्यात एखादी गोष्ट खरी असते. शोमरोनी गावाने येशूला खरोखरच दार लावून घेतले होते. ती एक खरी गोष्ट हाती धरून आपण त्या माणसाचे उरलेले सगळे लिहून टाकतो : हा पितो, म्हणजे हा चोर, हा या वस्तीतला, म्हणजे हा आळशी. येशूने शोमरोन्यांना निर्दोष ठरवले नाही. एका गावाच्या वागण्यावरून पुढच्या वाटेवर भेटणाऱ्या शोमरोन्याचा निकाल लावू दिला नाही, एवढेच. उलट टोकालाही जाऊ नये. कातकरी म्हणजे भोळेभाबडे देवमाणूस, असे म्हणणे हाही शिक्काच, फक्त गोड शाईचा. त्या तिघांपैकी एखादा घरी बायकोवर हात उचलत असेल, आम्हाला काय माहीत. आम्हाला एवढेच माहीत आहे की त्या दिवशी वाटेवर कोण थांबला.

हे शिक्के येतात कोठून, हेही पाहायला हवे, कारण पुष्कळदा ते कोणी तरी कामासाठी बनवलेले असतात. भोर तालुक्यातलेच एक उदाहरण घ्या. भोरजवळ उत्रोळी नावाचे गाव आहे. तेथे १५ डिसेंबर १८३१ रोजी उमाजी नाईकांना इंग्रजांनी पकडले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. उमाजी रामोशी समाजाचे, पुरंदरच्या भिवडीचे. रामोशांचे पिढीजात काम काय होते? गावांची आणि किल्ल्यांची राखण. गावात चोरी झाली तर माग काढून चोर शोधायचा, नाही सापडला तर भरपाईची जबाबदारी रामोशावर. म्हणजे गाव ज्याच्या भरवशावर रात्री झोपत असे, तो हा माणूस. इंग्रजी अंमल आला, किल्ल्यांवरच्या नेमणुका गेल्या, वतने गेली, राखणदार उपाशी राहिला आणि त्यांच्यातले काही बंडात उतरले. उमाजींचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉश याने पुढे या समाजावर एक पुस्तकच लिहिले, ते १८३३ साली मुंबईत छापले गेले. मग १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. ज्या जमातींवर त्याचा शिक्का बसला त्यांत रामोशी होते. त्या कायद्याने गुन्हा माणसाचा न राहता जन्माचा झाला. ज्यांची नावे नोंदली जात त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, विचारल्याशिवाय गाव सोडता येत नसे. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात ते यामुळे. कायदा गेला त्याला सत्तर वर्षे होऊन गेली. पण गावात चोरी झाली की पहिली नजर कोणत्या घराकडे वळते, हे भोरच्या माणसाला आजही विचारून पाहा.

कातकऱ्यांची कथा याहून फार वेगळी नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ आणि घाटाखाली रायगड, ठाणे ही त्यांची भूमी. इंग्रजांचे जंगल कायदे आले, जंगल राखीव झाले आणि खैर तोडणे हाच गुन्हा ठरला. ज्याचे पोट जंगलावर, त्याला जंगलात शिरताच चोर म्हटले गेले. पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, वीटभट्ट्या आल्या. पावसाळा संपला की मुकादमाची उचल घ्यायची, कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जायचे, आठ महिने राबून ती उचल फेडायची आणि पावसाच्या तोंडावर रिकाम्या हाताने वस्तीवर यायचे. सरकार महाराष्ट्रातील तीन जमातींना आदिम जमाती म्हणते : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. अशा माणसाला आपण आळशी म्हणतो. आपल्यापैकी कोणी पहाटेपासून भट्टीवर विटा वाहिल्या असतील, त्याने म्हणावे.

आपण तर शिक्क्याचा त्रास स्वतः ओळखतो. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस आठवा : हातात बाटली, गळ्यात क्रूस, तोडकीमोडकी भाषा. शाळेत 'बाटगे' हा शब्द ऐकून रडत घरी आलेले आपल्यात आहेत. वेल्ह्याला निघालो तेव्हा फाट्यावरच्या चहावाल्याने सहज विचारले होते, "धर्मांतराला निघालात का?" आम्हाला राग आला. आम्हाला न ओळखता हा आमच्याबद्दल असे कसे बोलतो, असे टेम्पोत बसल्यावर आम्ही म्हणत होतो. त्यानंतर तासाभरातच आम्ही गाडीवर पहारा बसवला.

आणि हे शिक्के दूरच्यांवरच मारले जातात असे नाही. योहानच्या पहिल्या अध्यायात नथनेल विचारतो की नासरेथातून काही चांगले निघू शकते का. हा नथनेल कोठला? योहानच्याच शेवटच्या अध्यायात कळते, तो काना गावचा. काना काही दूर देशी नव्हते, नासरेथच्या आसपासचेच गाव होते. शेजारच्या गावाबद्दल आपले मत सगळ्यात पक्के असते. आपल्या धर्मग्रामात काय चालते? मुंबईकडून आलेले पुण्याकडच्यांना पाठीमागे 'घाटी' म्हणतात. नगरकडून आलेल्यांचे कोणत्या आळीतले, ते हळूच विचारले जाते, लग्न ठरवताना तर मोठ्याने. गोव्याचे म्हटले की पिणारे आणि नाचणारे. मराठी मिस्साला येणारे आणि इंग्रजी मिस्साला येणारे एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर घेतात आणि पार्किंगमध्ये एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. हे लिहिले म्हणून कोणी रागावू नये. रागावलात तर फादरांकडे तक्रार करण्याआधी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्साला बसून पाहा. नथनेलाचे एक मात्र चांगले होते. फिलिप्पाने ये आणि पाहा म्हटले, तर तो उठून गेला. मत वाईट होते, पण पाय जाग्यावर अडले नाहीत.

आजचा रविवार नेहमी १० ते १६ जुलैच्या दरम्यान येतो. पुण्याच्या जुन्या माणसांना या दिवसांतली एक तारीख आठवते, १२ जुलै. १९६१ साली त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, त्यामुळे फुटायला सकाळ उजाडली आणि किती तरी जीव वाचले. पुरानंतर मुठेत पाणी उरले, पण नळाला येईना. लोक जुन्या विहिरी उपसू लागले. पुणे पाणी कोठून पिते, हे शहराला तेव्हा कळले. पानशेत वेल्हे तालुक्यात आहे. पुढे धरण पुन्हा बांधले, शेजारी वरसगाव झाले. भोर तालुक्यात भाटघर आहे, त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती आणि फलटणच्या उसाला जाते. नीरा देवघरही भोरमध्येच. या सगळ्या पाण्याखाली भोर-वेल्ह्याच्या माणसांची भातखाचरे आहेत, देवळे आहेत, उंबरे आहेत. आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन उतरतात आणि टँकरची वाट पाहतात.

म्हणजे आम्ही ब्लँकेटे घेऊन निघालो त्या सकाळी दात घासायला जे पाणी घेतले, ते या लोकांच्या डोंगरावर पडलेले होते. आम्हाला वाटत होते की आज आपण यांना पहिल्यांदा काही देतो आहोत. उपकाराचा हिशेब मांडायचाच तर तो फार आधी सुरू झालेला होता आणि आमची बाजू देण्याची नव्हती.

यरुशलेमहून यरीहोचा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरचा आणि तेवढ्यात जवळजवळ हजार मीटर उतरतो. भोरहून वरंध घाटाने पावसात महाडला गेलेल्यांनी त्याची कल्पना करावी : वळणे, दरड, धुके आणि मध्ये चिटपाखरू नाही. अशा रस्त्यावर पडलेल्या माणसाला निवड करता येत नाही. मला हाच उचलू दे, तो नको, असे तो म्हणू शकत नाही. आपण ही गोष्ट ऐकताना नेहमी स्वतःला शोमरोन्याच्या जागी ठेवतो. कधी प्रामाणिकपणाने याजकाच्या जागी ठेवतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली 'फ्रातेल्ली तुत्ती' हे परिपत्रक लिहिले, त्याचा दुसरा अध्याय पूर्ण याच दाखल्यावर आहे. त्यात ते सांगतात की आपल्या प्रत्येकात जखमीही आहे, लुटारूही आहे, पुढे निघून जाणाराही आहे आणि शोमरोनीही. शास्त्र्याने विचारले होते, माझा शेजारी कोण? त्याचा रोख, मी कोणाकोणाला मदत करणे बंधनकारक आहे, असा होता. येशूने त्याला रस्त्यावर आडवे पाडले आणि विचारले, आता सांग, तुझ्याजवळ कोण आला? ज्याच्या हातचे पाणी तू पीत नाहीस, त्याच्या हातचे तेल आणि द्राक्षारस तुझ्या जखमेवर आहे, त्याच्या गाढवावर तू बसला आहेस, आणि उतारशाळेत तुझ्यासाठी त्याने दोन दिवसांची मजुरी मोजली आहे.

मदत करणे आपल्याला जमते. आपल्या धर्मग्रामात ती भरपूर होते, नाताळच्या आधी तर वाटपाच्या तारखा मिळत नाहीत. घ्यायला आपल्याला जमत नाही. देणाऱ्याचा हात वर असतो आणि वरून पाहिले की माणूस आहे त्याहून लहान दिसतो. येशूने शोमरोनी स्त्रीशी बोलायला सुरुवात केली ती तिला काही देऊन नव्हे. त्याने आधी तिच्याकडे पाणी मागितले. तो दमला होता, तहानला होता आणि विहिरीतून शेंदायला त्याच्याजवळ काही नव्हते. ती चकित झाली ती यानेच की हा यहुदी असून माझ्या भांड्यातले पाणी कसे पितो. योहानचा चौथा अध्याय आपण उपवासकाळात ऐकतो. आमच्या कानावरून तो किती वर्षे गेला आणि म्हातारीचा कोरा चहा आला तेव्हा आम्ही बाटलीतले पाणी प्यायलो.

त्यानंतर आमच्यापैकी काहींनी घरी काही बदल केले. छोटे आहेत, सांगायला संकोच वाटतो. एका घरात कामाच्या मावशींसाठी खिडकीत वेगळा कप होता, तो काढला. पहिल्या दिवशी मावशींनीच घरातल्या कपातून चहा घ्यायला नकार दिला. "राहू द्या हो ताई, माझा तोच बरा," म्हणाल्या. आठवडाभर त्यांचा चहा दारात थंड झाला. तेव्हा मालकीणबाईंनी त्यांच्याजवळ ओट्यापाशी बसून स्वतःचा कप हातात घेतला, मग त्यांनी घेतला. दुसऱ्या एकाने सोसायटीच्या वॉचमनला तीन वर्षांनी नाव आणि गाव विचारले. तो भोर तालुक्यातला निघाला. काही हरवले की आधी त्यालाच विचारले जाते, हेही त्याने हसत सांगितले. एवढेच. यातून कोणाचे दारिद्र्य हटले नाही.

दिवाळीनंतर आम्ही त्या वस्तीवर पुन्हा गेलो होतो. त्या माणसाला भेटायचे होते, नाव विचारायचे होते. त्याच्या झोपडीचे दार दोरीने बांधलेले होते. भट्टीवर गेलेत सगळे, असे शेजारणीने सांगितले. कोठल्या भट्टीवर, ते तिला नीट सांगता आले नाही. पाऊस लागला की येतील, म्हणाली. म्हातारी होती. तिने आम्हाला ओळखले आणि काकूंचा पाय कसा आहे, असे आधी विचारले. चहा तिने विचारला नाही. मागच्या वेळचे तिच्या लक्षात असावे.

पाऊस लागून आता महिना झाला आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही पुन्हा निघत आहोत. काकूही येणार आहेत. त्या टेम्पोत खालीच थांबतील, कारण चढण अजून त्यांना झेपत नाही. गाडीत आणखी सहा जणांना जागा आहे, नावे गुरुवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. या वेळी वाटप नाही, म्हणून कपडे किंवा ब्लँकेटे आणू नयेत. कॅमेरा नको. एक ब्लँकेट आम्ही नेत आहोत, तेवढे पुरे. कोणी चहा किंवा भाकरी पुढे केली तर घ्यायची आहे. ज्यांना ते जमणार नाही असे वाटते, त्यांनी पुढच्या खेपेला यावे. डबे घरी ठेवावेत.